उसवायला शिकवलं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझा खोकला गेला का, की अजून वसतिगृहातल्या मुली तुझ्या नावानं खडे फोडतायत? दादाची पाठ कशी आहे? त्याला म्हणावं, खुर्चीत वाकडं बसायचं आणि मग मलम चोळत बसायचं, हे आता वयाला शोभत नाही. वहिनीचा रक्तदाब काय म्हणतो? गोळी विसरायची आणि मग डोकं दुखतं म्हणून मला कळवायचं, हे तिनं सोडावं. धाकट्याच्या हाताचं प्लास्टर निघालं असेल. खाजवायला घातलेली पट्टी आत अडकली होती, ती सापडली का?

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली, थेंब चालू आहेत. वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. लिहायचं नाही असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. ओळ सोडून अक्षर पळालं असेल तर गोड मानून घे. फोन कर म्हणतेस, पण जन्मभर मशीनच्या खडखडाटात बसून माझे कान कामातून गेलेत. फोनवर मी नुसती हो हो करते आणि नंतर कळतं की कुणीतरी आजारी असल्याचं सांगत होतं.

आमच्या शिवणाच्या दुकानावरचा तुझा अहवाल पोचला. निळं कव्हर, त्यावर कॉलेजचा शिक्का आणि खाली तुझं नाव. नाव तेवढं वाचलं. तेवढ्यानं डोळा काही जात नाही. बॉबीनची प्रत तिच्या मशीनवर नेऊन ठेवली. आमची खरी नावं न घालता मला 'पहिली शिवणकर्ती' आणि तिला 'दुसरी' केलंस, यावरून तिनं दिवसभर माझं डोकं खाल्लं. दुकान आधी तिचं, मी मागून आले, मग ती दुसरी कशी, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, टाचणी आणि बॉबीन अशी नावं छापली असती तर परीक्षकांना वाटलं असतं, सामानाची यादीच आलीय.

एआयची मदत घेतल्याचं तू पहिल्याच पानावर कबूल केलंयस, ते तिनं मला वाचून दाखवलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मशीन आम्हीही चालवतो. कापड कुठं वळवायचं तेवढं हातानं ठरवायचं असतं. पुढचं वाचायला मी तिला अडवलं. माझा डोळा सुधारला की दुकान बंद ठेवून दोघी मिळून वाचणार आहोत. पण तिला दम कुठला! प्रत पिशवीत घालून घरी घेऊन गेली.

थेंब तीच घालते. सकाळी आल्या आल्या मला कापायच्या टेबलावर आडवी करते आणि डोळा उघड म्हणून ओरडते. गिऱ्हाईक बघतच राहतं.

खोकल्याचं कळव. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
आत्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. बाबांची पाठ तशीच, आईचा रक्तदाब बरा. धाकट्याची पट्टी सापडली आणि तिच्याबरोबर एक पेन्सिलही निघाली.

मोठी बातमी आहे, बसून वाच. तुला अजून वाचायचं नसेल तर बॉबीनमावशीकडून वाचून घे. एआय जबाबदारीनं कसं वापरावं, याची मोहीम आमच्या कॉलेजात चालू आहे हे तुला माहीतच आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला आम्हा मोठ्यांच्या तुकड्या केल्यात. माझ्या तासाला मी गंमत करते. आमच्या प्राचार्यांची माहिती एआयला विचारते. काल त्यानं त्यांना एका न झालेल्या युद्धात शौर्यपदक देऊन टाकलं. पोरं हसून हसून पडली. मग मी सांगते की त्याला ठाऊक नसलं तरी ते अडखळत नाही. ठाऊक असल्याच्याच सुरात बोलतं. म्हणून आपण तपासायचं. जिन्यातले 'तपासा, मग वापरा' हे फलक माझ्याच हातचे आहेत.

तर बातमी अशी की माझा अहवाल मोहिमेच्या सांगता सभेत नमुना म्हणून वाचायचा ठरला आहे. एआय वापरूनही काम प्रामाणिक कसं राहतं, त्याचा नमुना! मार्गदर्शक बाईंनी समासात एके ठिकाणी 'उत्तम' लिहिलं, आणि त्या सहजासहजी लिहीत नाहीत. प्रत्येक संदर्भ, प्रत्येक साल मी ग्रंथालयात जाऊन पडताळलं. एका पुस्तकाचं नाव तर एआयनं मनानंच लिहून टाकलं होतं, ते शोधून काढून टाकलं. तुमच्या दोघींच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग त्यानंच उतरवून दिलं, नाहीतर मी वर्षभर लिहीत बसले असते. ते तपासायचा प्रश्नच नव्हता. माझ्या आत्याचं बोलणं मला काय नवीन आहे?

सभा मार्चमध्ये आहे. तुम्ही दोघींनी यायचं, पहिल्या रांगेत बसायचं. बॉबीनमावशीला सांग, तिथं ती पहिली आणि तू दुसरी.

उत्तराची वाट बघते. तुझी सावली डोक्यावर अशीच राहो.

तुझीच,
भिंगरी


२० फेब्रुवारी

टाचणी,

उद्यापासून मी दुकानात येत नाही. गणवेशांची काजं झाली आहेत, बटणं राहिली आहेत, ती तू लाव. चावी लाँड्रीवाल्याकडे दिली आहे.

पोरीचा अहवाल वाचला. तू माझ्याविषयी जे सांगितलंस तेही वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचायची हिंमत झाली नाही. तू आलीस तेव्हा तुला सरळ टीप मारता येत नव्हती. तुझ्या मशीनला जागा होईना म्हणून मी कपाट बाहेर काढलं. ते पावसानं सडलं, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. आजही दाखवणार नव्हते.

माझ्या तोंडावर बोलली असतीस तर मी भांडले असते, अबोला धरला असता आणि पुन्हा येऊन बसले असते. तू पोरीला सांगितलंस. आता ते छापलं गेलं आणि सभेत मोठ्यानं वाचणार आहेत. मला पहिल्या रांगेत बसवून.

इतकी वर्षं तुझ्या मनात हे होतं आणि मी तुझ्याकडे पाठ करून निर्धास्त शिवत होते.

थेंब घालायला विसरू नकोस.

बॉबीन


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. वि. वि.

आज कुणाची तब्येत विचारत नाही, रागावू नकोस.

बॉबीन दुकानात येत नाही. आधी वाटलं, सर्दी असेल. मग तिची चिठ्ठी आली. वर 'वि. वि.'सुद्धा नव्हतं, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. डॉक्टरांचं राहिलं बाजूला. भिंग घेतलं, तुझा अहवाल घेतला आणि एकेक अक्षर लावत ते पान काढलं. मला वाचायला कुणी शाळेत शिकवलं नाही. कापड बेतायला वर्तमानपत्रं कापायचो, त्या तुकड्यांवरून मी अक्षरं जुळवली, हे तू जाणतेस. अजूनही मी छापलेल्या शब्दाला मान देते. म्हणून विचारते, हे काय छापलंस?

'पहिली शिवणकर्ती सांगते: सुरुवातीला ती मला शिवूच देत नसे. मला नुसतं उसवायला लावायची. मी केलेलं काम उसवलं जायचं आणि त्याबरोबर माझा आत्मविश्वासही. ती जखम कधीच भरली नाही.'

हे मी कधी म्हटलं, भिंगरे?

त्या दिवशी तू कापायच्या टेबलावर पाय सोडून बसली होतीस. फोन इस्त्रीला टेकवून ठेवला होतास आणि इस्त्री गरम आहे म्हणून मी ओरडले होते. मी तुला सांगितलं की बॉबीननं मला शिवायच्या आधी उसवायला शिकवलं. सांगताना माझा ऊर भरून आला होता. आमच्या धंद्यात शिवायला कुणीही शिकवतं. उसवायला कुणी शिकवत नाही, कारण त्यात दुसऱ्याचं कापड फाटायची भीती असते. अर्धं ब्लेड हातात देऊन गिऱ्हाइकाच्या नव्या कोऱ्या कोटाची शिवण तिनं माझ्यापुढे टाकली आणि स्वतः चहा प्यायला निघून गेली. इतका भरवसा माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता. हे मी तुला सांगितलं आणि तू मान डोलावलीस.

आत्मविश्वास हा शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही. जखम म्हणशील तर मला सुईनं झाल्यात, बॉबीननं नाही.

एआयचा मला राग नाही. त्याची आणि माझी ओळख ना पाळख. त्याला मी कोण? पण तू माझी भाची. तुझ्या बाहुलीचे कपडे आम्ही दोघींनी शिवले. बाह्या तिच्या, गळा माझा. माझ्या तोंडी असे शब्द घातलेस आणि माझं नाव झाकून, तुझं नाव वर लावून, तिच्या हातात दिलेस. केसानं गळा कापलास गं. बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

मी तिच्या घरी गेले होते. सुनेनं दार उघडलं आणि सासूबाई झोपल्यात म्हणाली. आतून तिच्या खोकण्याचा आवाज येत होता. झोपलेलं माणूस तसं खोकत नाही. मला कमी ऐकू येतं, पण तिचा खोकला येतो. मी जिन्यात थोडी थांबले आणि परत आले.

थेंब मीच घालते. निम्मे गालावर जातात.

मला एकच सांग, आणि सरळ सांग. तू ते वाक्य वाचलं होतंस का?

आत्या


३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं तेव्हा जेवणघरात होते. तशीच उठून खोलीत आले आणि तुझं सगळं रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. हे मी अहवाल देण्याआधी करायला हवं होतं, असं तू म्हणायच्या आत मीच म्हणते.

ती जागा सापडली. तू 'उसवायला शिकवलं' म्हणतेस, तेवढ्यात तू इस्त्रीवर पाणी मारतेस आणि चर्र असा आवाज येतो. त्यात तुझा 'शिकवलं' बुडाला. एआयनं तिथं 'लावलं' लिहिलं. एका शब्दाची चूक, ती कुणाचीही झाली असती. पुढचं मात्र माझं आहे. माझ्या अहवालाला भागीदारीतल्या ताणाचं एक प्रकरण हवं होतं. मी त्याला सांगितलं की दोघींमधला ताण दाखवणारी ठळक वाक्यं काढून दे. मी ताण मागितला, त्यानं ताण दिला. आत्मविश्वासाचं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये कुठंच नाही, जखमेचंही नाही. मी माया मागितली असती तर त्यानं तीही अशीच शिवून दिली असती. ताण आहे का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. आहे असं धरूनच मागितलं होतं.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर: हो. मी ते वाक्य वाचलं होतं.

वाचताना खटकलं होतं. आत्या असं बोलत नाही, असं मनात आलं होतं. रेकॉर्डिंग ऐकू म्हणून बाजूला खूण करून ठेवली. मग कच्ची प्रत बाईंकडून परत आली आणि त्यांचं ते 'उत्तम' नेमकं त्याच वाक्यासमोर होतं. त्यानंतर मी रेकॉर्डिंग ऐकलं नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगितलं. खरं हे की ऐकलं असतं तर ते वाक्य खोडावं लागलं असतं. खूण मात्र खोडली.

पोरांना मी जे शिकवत होते ते मला येत नव्हतं असं नाही गं. ते मला परक्या गोष्टींपुरतं येत होतं. प्राचार्यांचं पदक खोटं निघालं तर माझं काही जात नव्हतं.

मी बाईंकडे गेले. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या की सभेला वेळ आहे, तेवढं पान बदलून टाकू, कुणाच्या लक्षात येणार नाही. मी म्हटलं, ज्या घरात ते पान गेलंय तिथलं कसं बदलणार? दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावलं. रेकॉर्डिंग कुठंय हे न विचारता 'उत्तम' लिहिलं ही आपली चूक आहे, आणि तसं आपण विभागाला लेखी देतोय, असं म्हणाल्या. अहवाल मागे घेतला आहे. पुढच्या सत्रात तो पहिल्यापासून करायचा. पदवी तेवढी लांबली. बाबांना सांगितलं, त्यांनी फोन ठेवून दिला. मोहिमेतून मला काढलं आहे. पण सभेत उभं राहून जे झालं ते सांगायची परवानगी मी मागून घेतली आहे.

येत्या रविवारी रेकॉर्डिंग घेऊन आधी बॉबीनमावशीकडे जाते. तिनं दार उघडलं नाही तर जिन्यात बसेन. तुझ्याकडे यायचा धीर नंतर होईल.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते.

भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दादा आता बोलतो का तुझ्याशी? नसेल तर मी त्याला वेगळं लिहीन. वहिनीला म्हणावं, पोरीची काळजी करायची तर गोळी घेऊन कर. माझे थेंब संपले, डोळा स्वच्छ झाला. दुकानातलं एवढं जळमट आजवर मला दिसलं कसं नाही, याचंच नवल वाटतं.

त्या रविवारी बॉबीनकडून तू माझ्याकडेही आलीस तेव्हा मी तुझ्याशी धड बोलले नाही. पुढ्यात ताट ठेवलं आणि बटणं लावत बसले. तू जाताना वाकलीस तेव्हाही आशीर्वाद तोंडातल्या तोंडात पुटपुटले. तो मनापासून होता, पण माझा राग अजून गेलेला नाही. खोटं कशाला लिहू? वाक्य एआयनं चुकवलं हे मी केव्हाच सोडून दिलं. तू खूण खोडलीस, ते मला गिळवत नाही. तरी तू विचारल्यावर सरळ सांगितलंस. नसतं सांगितलंस तर हे पत्र निघालं नसतं.

सभेचं तू लिहिलंस ते वाचलं. पोरं आधी हसली आणि मग हसायची थांबली, ते बरं झालं. ज्याचं बोलणं छापायचं त्याला ते आधी वाचून दाखवायचं, आणि एआयकडून काय करून घेतलं तेही त्याला सांगायचं, असा नियम तुमच्या विभागानं केला. मला तर वाटतं, हा नियम एआय नव्हतं तेव्हाही असायला हवा होता. पुढच्या पोरांना माझ्याकडून आणखी एक सांग. एआयचं वाक्य एआयच्याच नावानं आलं असतं तर बॉबीननं ते केराच्या टोपलीत टाकलं असतं. ते तुझ्या नावानं आलं. भिंगरी खोटं कशाला लिहील, असं तिला वाटलं. तुझ्यावर तिचा विश्वास होता, म्हणून माझ्यावरचा गेला.

आता बॉबीनचं सांगते. ती गुरुवारी आली.

दुकानात मी एकटीच होते. दार वाजवून आत आली. तू ठेवून गेलेलं रेकॉर्डिंग सगळं ऐकलं म्हणाली. त्यात माझा आवाज किती आनंदात आहे, कोटाची गोष्ट सांगताना मी कशी हसतेय, इस्त्रीवरून तुला कशी दटावतेय, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सुनेसमोर रडू आलं म्हणाली. मग माफी मागितली. आपण छापलेल्याला भुललो, आधी मला येऊन विचारायला हवं होतं, असं म्हणाली. मी म्हटलं, झालं ते झालं. दुसरं काय म्हणणार? मनात मात्र एकच घोळत होतं, बॉबीन, तुला हे बोलणं माझं वाटलंच कसं? तिच्याविषयी असं काही कुणी देवाच्या सहीनं लिहून आणलं असतं तरी मी आधी तिच्या दारात जाऊन तिला शिव्या घातल्या असत्या. तिनं ते एकदा वाचलं आणि मानलं. हे मी तिला विचारलं नाही. तिलाही ते कळत असावं, कारण ती सारखी टेबलावरची खडूची भुकटी पुसत होती.

मी चहा केला. आमची मशीनं पाठीला पाठ लावून आहेत. चहा आम्ही नेहमी तशाच पितो, भिंतीकडे तोंड करून, बडबडत. त्या दिवशी ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, माझ्यासमोर. दोघींनी कप दोन्ही हातांत धरले होते. हवेवर बोललो, तुझ्या पदवीवर बोललो. तिनं चहाची तारीफ केली. माझ्या हातच्या चहाला तिनं इतकी वर्षं फुळकवणी म्हटलंय.

सोमवारपासून येते म्हणाली, आणि आलीही. वेळेवर येते, काम चोख करते. माझ्या हातून टीप वाकडी गेली तर बोलत नाही.

पण त्या गुरुवारी निघताना, चपला घालता घालता, ती मला म्हणाली की आता तुम्ही डोळ्याला जपा. तुम्ही म्हणाली मला, भिंगरे. आम्ही एकमेकींच्या अंगावर कात्र्या फेकल्यात, पण 'तू' सोडून बोललो नाही. रागानं धाडलेल्या चिठ्ठीतही मी तिची 'तू'च होते. मी दारात उभी राहिले. 'ये' म्हणायचं ते तोंडातून 'या' गेलं. तिनं ऐकलं, आणि मान हलवून पायऱ्या उतरली. सोमवारपासून तेच चालू आहे. या, बसा, कात्री देता का. दुकानात दोन सभ्य बायका शिवत असतात.

वाट बघायला लावू नकोस, लवकर पत्र लिही. त्यात मला 'तू'च म्हण.

आत्या